डोळ्यांदेखत मीठ

लग्नाच्या पंगतीत आमटीच्या वाटीत वायरी बुडवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमचे सायन्सचे सर! त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत कायम एक बॅटरी, एक पिटुकला लाल दिवा आणि दोन वायरी असायच्या. गावातल्याच एका लग्नात आम्ही पोरंपोरी त्यांच्या शेजारी पंगतीला बसलो होतो. वाढप्यानं आमटी वाढली. सरांनी भाताला हातसुद्धा लावला नाही. पिशवी उघडली, वायरींची टोकं वाटीत बुडवली आणि दिवा लागला.

"हाय! मीठ हाय!" सर सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे ओरडले.

आचारी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आला. "मास्तर, आमच्या मिठाबद्दल काय म्हणणं हाय तुमचं?"

"म्हणणं कायबी न्हाई, गड्या. तुज्या आमटीत सोडियम आणि क्लोरिन सुटं सुटं हिंडाय लागल्यात, म्हणून ह्यो दिवा लागला. कोरड्या मिठात लागला नसता. तितं ती दोगं आपापल्या जाग्यावर गच्च बसल्याली असत्यात."

आचाऱ्याला यातलं किती कळलं देव जाणे, पण त्यानं मान डोलावली आणि सरांच्या पानात आग्रह करकरून जिलेबी वाढली. सरांवर चिडायला माणूस यायचा आणि त्यांचं ऐकत उभा राहायचा, असंच व्हायचं नेहमी.

सर मूळचे कुंडलचे. ऊस, पाणी, भरलेलं शिवार, सगळं सोडून आमच्या जतच्या कोरड्या मुलखात नोकरीला आले आणि इथलेच झाले. आम्ही बोअरच्या खारट पाण्याला शिव्या घालायचो. टँकरची वाट बघायचो. सरांना मात्र त्या पाण्याचा कोण अभिमान! कुठल्याही वस्तीवर गेले की आधी बोअरच्या पाण्यात दिवा लावून बघायचे. "बघ, बघ कसा ढणाढणा लागतोय! कुंडलच्या पाण्यात न्हाई असा लागत." जणू पाणी खारट असणं ही आमच्या बापजाद्यांची कमाई होती.

माणूस भेटला की सर त्याला एकदा खालून वर न्याहाळायचे आणि ठरवून टाकायचे, हा धातू की अधातू. देणारा तो धातू, घेणारा तो अधातू. आमचा शिपाई भीमण्णा धातू, कारण त्याच्या खिशातली तंबाखू दुसऱ्याच्या हातावर पडल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मुख्याध्यापक अधातू, कारण ते सगळ्यांकडून माहिती मागवायचे. माझं पहिल्याच दिवशी ठरलं. मी मधल्या सुट्टीत डब्यातली जास्तीची चपाती शेजारणीला दिली, ते सरांनी दारातून बघितलं. "ही धातू! चकाकतीय बी!" म्हणाले. वर्ग हसला आणि मी लाजून लाल झाले. पण खरं सांगते, घरी जाऊन अम्मीला किती वेळा सांगितलं असेल, सर मला धातू म्हणाले म्हणून!

धडा शिकवायची त्यांची तऱ्हाही वेगळीच होती. खडू-फळा दूर, आधी मूठभर शेंगदाणे यायचे. टेबलावर दोन ताटल्या. एकीच्या काठावर एकच दाणा ठेवायचे, दुसरीच्या काठावर सात.

"ह्यो सोडियम. ह्येच्या भाईरच्या कक्षेत एकच दाणा. त्यो एकटा दाणा ह्येला सुखानं झोपू देत न्हाई. कवा एकदा देतो असं झाल्यालं असतंय. आणि ह्यो क्लोरिन. सात हायेत, आट पायजेत. एकासाटी जीव टाकतोय. आता सांगा, काय हुईल?"

"सोडियम दाणा दील!" आम्ही ओरडायचो.

"दील! पर उसना न्हाई. उसनं दिल्यालं मागारी येतंय. ह्ये बक्षीसपत्र हाय, एकदा सही झाली की झाली. दाणा गेला की सोडियम धन, दाणा आला की क्लोरिन ऋण. धन आणि ऋण एकमेकाला वडत्यात ती अशी, की सोडवाय गेलं तर घाम फुटतोय. ह्येला म्हणायचं आयनिक बंध. आणि दोन अधातू एकत्र आलं तर? दोगं बी घेणारं, द्याचं कुणी? मग ती दाणं सामाईकात ठेवत्यात. दोगा भावांची एक विहीर असती तसं."

मी आता सांगलीत एका लॅबमध्ये काम करते. रोज लोकांच्या रक्तातलं सोडियम मोजते. मशीनवर आकडा येतो, आणि माझ्या कानात सर बोलतात, "ह्ये दाणा देऊन मोकळं झाल्यालं सोडियम बरं का. न दिल्यालं असतं तर पेशंट पेटला असता!" परवा असंच हसू आलं तर समोरच्या आजोबांना वाटलं, त्यांच्या रिपोर्टला हसले. त्यांची समजूत काढता काढता पुरेवाट झाली.

तर एके दिवशी असेच शेंगदाणे देऊन झाले, आणि सरांनी आवाज खाली आणला. "ज्यो धातू पाण्याला लागला की पेटतोय, आणि ज्यो वायू नाकात गेला तर माणूस मरंल, ती दोगं भेटल्यावर तयार काय हुतंय? तुमच्या भाकरीवरचं मीठ! जाळ हुतोय पिवळाधमक, आणि त्या जाळातनं मीठ भाईर पडतंय."

मागच्या बाकावरून बिरू उठला. बिरू म्हणजे मेंढरं राखणाऱ्यांच्यातला, वर्षातले कितीतरी महिने वाड्याबरोबर, म्हणजे मेंढरांच्या फिरत्या तळाबरोबर, रानोमाळ फिरून शाळेत येणारा, आणि आला की मनात आलेलं तोंडावर विचारणारा.

"सर, तुमी बगितलंय व्हय?"

खोटं बोलणं सरांना जमलंच नसतं. "न्हाई रं. मला माज्या सरांनी फळ्यावर पिवळ्या खडूनं काडून दावलं. त्येंनी बी बगितल्यालं नसंल. पर हाय खरं."

"तुमीच बगितलं न्हाई, तर आमी कशावरनं मानायचं?"

आम्हाला वाटलं, आता बिरूचं काही खरं नाही. पण सरांनी जाऊन त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की पोरगं बाकावर आदळलं. "शाब्बास! ह्ये मी इचाराय पायजे हुतं!" मग खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिले. त्याच वर्षअखेर सर निवृत्त होणार होते. सगळी नोकरी त्यांनी हे मीठ शिकवलं, शेकडो पोरांच्या डोक्यात घातलं, आणि स्वतः एकदाही पाहिलं नव्हतं! तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते वळले. "घरी जायच्या आदी मी ह्ये बगणार. तुमी बी बगणार," एवढंच बोलले.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर शेकडो व्हिडिओ आहेत की! आमच्या वर्गातल्या एका हुशार पोरानं तेच केलं. मोबाईल काढून सरांच्या नाकापुढं धरला. सरांनी घट्ट डोळे मिटून घेतले, वर हात ठेवला. "लांब कर ते! मोबाईलात माणूस हवेत बी उडतंय. मला हितं बगायचंय, हितं, आपल्या मातीत." आणि खरंच, तो पोरगा मोबाईल घेऊन जाईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.

अडचण होती मुख्याध्यापकांची. माणूस सज्जन, सातारा जिल्ह्यातला, पण लहानपण गेलं कोयनानगरात. तिथं जमीन कधी हलेल त्याचा नेम नाही. त्यामुळं कुठं धप्प झालं की ते क्षणात दाराच्या चौकटीखाली जाऊन उभे राहायचे. पूर्वी कधीतरी सरांनी सोडियमचा कण पाण्यात टाकला होता. फाट्‌कन आवाज झाला, कण पेटून पाण्यावर नाचला, आणि साहेब चौकटीखाली! तेव्हापासून आग, धूर आणि आवाज या तीन गोष्टी शाळेत बंद. सोडियमची बाटली कपाटात कुलपाआड, किल्ली भीमण्णाकडं.

सरांनी त्यांना विनवलं नाही, अर्ज केला नाही. एका सकाळी प्रार्थना झाल्यावर शिट्टी मारली आणि सगळी शाळा पटांगणात चौकटी आखल्यासारखी उभी केली. एक मुलगा, एक मुलगी, एक मुलगा, एक मुलगी. पुढंमागंही तसंच.

"वर्गात दर वर्षी पोरी सोडियम असत्यात. यंदा बदल! पोरी क्लोरिन. पोरींनी बी कवातरी घ्याला शिकावं!" आम्ही पोरींनी काय टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू!

"तुमी समदी मिळून मिठाचा एक खडा. आजूबाजूला बगा. सोडियमच्या शेजारी कोण?"

"क्लोरिन!"

"क्लोरिनच्या शेजारी?"

"सोडियम!"

"मग एकाचं एक आणि दुसऱ्याचं दुसरं अशी जोडी न्हाई मिठात. ज्यो त्यो आपल्या भवतीच्या समद्यांना धरून हाय. म्हणून खडा टणक. आता म्या हातुडा मारला. पयल्या दोन रांगा, एक पाऊल उजवीकडं!"

आम्ही सरकलो. आणि बघतो तर काय, माझ्या मागं मुलगीच! मुलाच्या मागं मुलगाच!

"शेजारी कोण?"

"आमीच!"

"धनाला धन, ऋणाला ऋण! पटतंय का? न्हाई पटत! मग काय करायचं? पळाऽऽ!"

अहो, जी काय धूम ठोकली! पुढच्या रांगा फाटकाकडं, मागच्या विहिरीकडं, धुळीचा लोट, आरडाओरडा. मिठाचा खडा बरोब्बर त्या सरकल्या रांगेशी दुभंगला. धूळ खाली बसली तेव्हा मुख्याध्यापक ऑफिसच्या चौकटीखाली उभे होते, चेहरा पांढरा. सर त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. साहेबांनी पटांगणाकडं बघितलं, सरांकडं बघितलं.

"म्हणजे… मीठ कुटताना ते असं फुटतं होय?"

"व्हय सायेब. असंच."

"घरी रोज खलबत्ता वाजतो, पण कधी मनात आलं नाही हो." साहेब चौकटीतून बाहेर आले. "तुमचा तो मिठाच्या जाळाचा प्रयोग, पोरं बोलतात तो. आवाज होईल का त्यात?"

"त्ये पाण्याशी भांडतंय. क्लोरिनशी न्हाई भांडत. नुसता जाळ."

"उघड्यावर करायचा. वारा बघून. आणि मी लांब उभा राहणार," साहेब म्हणाले. अशी परवानगी मिळाली! सर मुलांसारखे उड्या मारायचे तेवढे बाकी राहिले.

त्याच आनंदात कपाट उघडलं. बाटली उजेडात धरली आणि सरांच्या तोंडचं पाणीच पळालं. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं, नाहीतर हवेतलं पाणी त्याला खातं. बाटलीत रॉकेलचा वास नव्हता. खमंग वास होता.

भीमण्णा दारातच होता. त्याचं मराठी कानडी वळणाचं. "सर री, बाटलीतलं तेल लई कमी झाल्यालं दिसलं. रेशनवर रॉकेल यायचं बंद झालंय की. म्हणून घरचं शेंगतेल घातलो मी. चांगलं घाण्याचं हाय."

त्याची काय चूक होती, सांगा? आमच्याकडं शेंगतेलानं काय बिघडतं? लोणचं टिकतं, पापड टिकतात. सरांनी चिमट्यानं तुकडा बाहेर काढला. सुपारीएवढं सोडियम होतं म्हणे, त्याच्यावर पिवळट पांढरा बुळबुळीत थर चढला होता. सरांनी तो सुरीनं खरवडला, जरा निरखला, आणि रडवेल्या चेहऱ्यावर एकदम हसू!

"आरं, साबण! पोरांनो, या की हिकडं! तेल आणि सोडियम, झाला साबण! भीमण्णा, तू साबण केलास गड्या!"

"मग चांगलं झालं की री," भीमण्णा जरा सावरून म्हणाला.

चांगलं कसलं! खरवडून खरवडून आत चकाकतं सोडियम उरलं ते हरभऱ्याएवढं. एकदाच पुरेल इतकं. नवीन मागवायचं तर कोण कधी पाठवणार, आणि सरांचे दिवस तर संपत आलेले. तो हरभरा टिकवायला रॉकेल हवं होतं, तेही आजच्या आज. भीमण्णानं टँकरचं डिझेल सुचवलं. सर म्हणाले, "आताच्या डिझेलात काय काय मिसळत्यात, मला भरवसा न्हाई. एकदा तेलानं दगा दिला, आता नगो." दुकानं फिरून झाली. घरोघरी गॅस, चुली. ज्या रॉकेलसाठी आमच्या आयांनी रांगेत डबे ठेवले होते, त्याचा थेंब मिळेना!

बिरू म्हणाला, "माज्या आजीकडं हाय."

वस्ती माळावर होती. सर मोटारसायकलवर बिरूला मागं बसवून निघाले, आम्ही दोघी-तिघी सायकली हाणत मागं. बिरूची आजी मेंढरांच्या वाड्यापाशी बसली होती. खोपटाच्या मेढीला, मधल्या खांबाला, एक बाटली टांगलेली, निळं रॉकेल, रेशनच्या काळातलं. मेंढराच्या खुरात किडे पडले तर लावायला जपून ठेवलेलं.

"अगं म्हातारे, अर्धी वाटी दे की. मीठ करायचंय," सर म्हणाले.

"राकेलाचं मीठ?"

"न्हाई, त्येच्यात धातू ठेवायचाय. त्यो पेटवला की मीठ हुतंय."

आजीनं सरांना नीट बघून घेतलं. "लय दिवस मास्तरकी करताय म्हणं तुमी. ह्ये मीठ बगितलंय का कवा?"

घरादाराला एकच सवय! सर म्हणाले, "न्हाई. म्हणून तर आलोय."

"मग मी बी येणार. माजं राकेल, मी बगणार," म्हातारी म्हणाली आणि बाटली काढून दिली. मी सरांकडं बघून कुजबुजले, "आजी धातू!" सरांनी जोरात मान हलवली, इतकी जोरात की चष्मा नाकावर घसरला.

शाळेतला प्रयोगाचा चमचा गंजून गेला होता. माझ्या अब्बांचं पत्र्याच्या पेट्या करायचं दुकान. त्यांनी लांब दांड्याचा लोखंडी चमचा करून दिला आणि वर, "तुमच्या सरांना सांग, जळून घेऊ नका," असा निरोप. क्लोरिन सरांनी शाळेमागच्या भिंतीआड तयार केला, टाकीत टाकायच्या पावडरीपासून. कसा, ते मी सांगणार नाही. घरी करून बघाल आणि खोकत खोकत माझ्या नावानं बोटं मोडाल.

सकाळची शाळा. पटांगणात स्टुलावर काचेची बरणी, आत हिरवट पिवळा वायू, तोंडावर काचेचं झाकण. वारा आमच्या पाठीमागून बरणीकडं वाहणारा. सगळ्यांच्या नाकाला ओले रुमाल. मुख्याध्यापक फाटकाच्या कमानीखाली. आजी सगळ्यात पुढं, पदर नाकाला लावून, म्हणाली, "टाकीत पावडर टाकल्यावानी वास मारतोय." बिरू तिच्या शेजारी.

सरांनी हरभरा पुसला, चमच्यात ठेवला, खाली ज्योत धरली. धातू वितळून चांदीच्या थेंबासारखा झाला. आणि सरांनी एकदम चमचा माझ्या हातात दिला!

"तू धर."

"सर! मी?"

"माज्या हातात ऱ्हायला तर माजं ध्यान हातावर ऱ्हाईल. मला बगायचंय गं."

असं म्हणून सर जाऊन पोरांमध्ये मातीत मांडी घालून बसले, आजीच्या पलीकडं. सगळी नोकरी उभं राहून काढलेला माणूस! मी झाकण सरकवलं आणि चमचा आत सोडला.

काहीच झालं नाही. थेंबावर राखट साय धरली. कमानीखालून साहेबांचा आवाज, "झालं का हो?" एवढाच तुकडा होता. हा गेला तर सर हे न बघताच घरी जाणार. या अल्ला, पेट रे, पेट! मी चमचा जरा हलवला. साय फुटली.

आणि पेटलं! पिवळं, इतकं पिवळं की हळद, झेंडू, सूर्यफूल, काय काय सांगू! उन्हात ठेवलेली बरणी, तरी उन्हापेक्षा उजळ. पांढरा धूर आतल्या आत फिरत वर चढला, काचेला पांढरी पूड धरत गेली, आणि तो हिरवट वायू आमच्या डोळ्यांदेखत फिका फिका होत गेला. पोरं किंचाळली. भीमण्णानं टोपी काढली. साहेब कमान सोडून पळत पळत जवळ आले, चक्क जवळ!

मी मात्र बरणीकडं थोडंच बघितलं. मी सरांकडं बघत होते. ते गुडघ्यांवर उठले होते, रुमाल खाली पडला होता, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं आणि ते पुसायचंही भान नव्हतं. जाळ विझला. आजीनं बिरूला कोपरानं ढोसलं. "मीठ झालं व्हय रं?"

"झालं, आजी."

"आणि एकदा!" सर ओरडले. हात वर करून, वर्गातलं सगळ्यात धाकटं पोर ओरडेल तसे. "आणि एकदा गं!" झालं, सगळी शाळा त्यांच्यामागं सुरू झाली, "आणि एकदा! आणि एकदा!" आजीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली, साहेबसुद्धा, आणि मी तो रिकामा चमचा हातात घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी.